तेरा वखारी आणि एक परवाना

बायकांना सोबत आणायचं नाही. बंदुका, भाले, कसलंही हत्यार आणायचं नाही. नोकर किती ठेवायचे ते आम्ही सांगू. मौजेसाठी नदीत होडी वल्हवायची नाही. मेण्यात बसून फिरायचं नाही. शहराच्या वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. चांद्रमासाच्या ८, १८ आणि २८ या तिथींना नदीकाठच्या बागांमध्ये हवा खायला जाता येईल. पण एका वेळी दहापेक्षा जास्त जणांनी जायचं नाही आणि रात्र बाहेर काढायची नाही. हंगाम संपला की खोली रिकामी करायची.

पुण्यात किंवा मुंबईत पीजी शोधलेल्या कुणालाही ही यादी वाचून एखादी घरमालकीण आठवेल. फरक एवढाच की हे नियम पाळणारे भाडेकरू त्यांच्या काळातल्या जगातले गब्बर व्यापारी होते, आणि नियम करणारा होता चीनचा सम्राट. खोल्या होत्या दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहरात. युरोपीय लोक या शहराला कॅन्टन म्हणत.

ग्वांगझू हे हजार-बाराशे वर्षं परक्यांना खोल्या देत आलेलं शहर. अरब, पारशी, इंग्रज, अमेरिकन, आफ्रिकन आणि खुद्द चीनच्या खेड्यांतून आलेली माणसं, सगळ्यांना इथे छप्पर मिळालं. पण छपरासोबत प्रत्येकाच्या हातात एक कागदही आला: तू इथे तात्पुरता आहेस. ही गोष्ट त्या खोल्यांची आहे. तशीच त्या कागदाचीही.

रात्री कुलूप, सकाळी हजेरी

इ. स. ८५१ च्या सुमारास लिहिलेला एक अरबी वृत्तान्त आहे. भारत आणि चीनकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून ऐकलेली माहिती त्यात एकत्र केली आहे. त्यात ग्वांगझूला ‘खानफू’ म्हटलंय. परदेशी जहाज आलं की सरकारी माणसं माल ताब्यात घेऊन कोठारांत बंद करत. हंगामातलं शेवटचं जहाज येईपर्यंत माल तिथेच. मग दहातला तीन भाग सरकारजमा, उरलेला व्यापाऱ्याला परत. देशात पुढे प्रवास करायचा तर दोन कागद लागत. एकावर माणसाची माहिती: नाव, वय, कूळ, सोबत कोण. दुसऱ्यावर त्याच्याकडच्या पैशांची आणि मालाची. वाटेतल्या प्रत्येक चौकीवर हे कागद तपासले जात.

जाच वाटतो ना? वृत्तान्त लिहिणाऱ्याला तो तसा वाटलेला नाही. उलट त्याने त्याचा फायदा सांगितलाय. वाटेत माल हरवला किंवा माणूस मेला, तर काय, कुठे, कसं झालं ते कळे आणि चीजवस्तू वारसांपर्यंत पोहोचे.

पाचशे वर्षांनी हेच चित्र इब्न बतूता रंगवतो. त्याचा चीनचा प्रवास सुरू झाला दिल्लीहून. मुहम्मद बिन तुघलकाने त्याला आपला वकील म्हणून चीनच्या सम्राटाकडे धाडलं. वाटेत तो दौलताबादला थांबला, पुढे किनाऱ्याने कालिकतला गेला. तिथे वादळात भेटवस्तूंची जहाजं बुडाली आणि वकिलातही बुडाली. काही वर्षांनी तो स्वतःच्या हिमतीवर चीनला पोहोचला. तो चीनमध्ये कितपत आत गेला यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण त्याने केलेलं तिथल्या सरायांचं वर्णन फार बारकाईचं आहे.

तो सांगतो, प्रत्येक मुक्कामावर एक सराय असते आणि तिथे एक अधिकारी असतो. सूर्यास्तानंतर अधिकारी कारकुनाला घेऊन येतो, रात्री राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहून घेतो, यादीवर शिक्का मारतो आणि दाराला बाहेरून कुलूप लावतो. सकाळी पुन्हा येऊन हजेरी घेतो. मग सोबत माणूस देऊन सगळ्यांना पुढच्या मुक्कामावर पोहोचवतो आणि ते सुखरूप पोहोचल्याची लेखी पावती मागवतो. परक्या माणसाचे पैसे सरायवाला स्वतःकडे ठेवून घेतो आणि त्यातूनच त्याचा खर्च भागवतो. एका शहरात तर इब्न बतूताला बाजारात स्वतःचं आणि सोबत्यांचं चित्र लावलेलं दिसलं. कुणी गुन्हा करून पळालाच तर चित्रावरून ओळखता यावा, म्हणून परक्यांची चित्रं काढून ठेवायची पद्धत होती. फेस रेकग्निशनचा हा चौदाव्या शतकातला अवतार.

प्रवाशासाठी चीनइतका सुरक्षित देश दुसरा नाही, असं इब्न बतूता म्हणतो. आणि त्याच दमात कबूल करतो, की त्या देशात त्याचं मन रमलं नाही. तिथला धर्म आणि रीतिरिवाज त्याला इतके खटकत, की गरज नसेल तेव्हा तो खोलीबाहेरच पडत नसे. सुरक्षित, पण एकटा. कॅन्टनच्या खोल्यांबद्दल पुढच्या प्रवाशांनी जे लिहिलं, त्यातही ही दोन विशेषणं पुन्हा पुन्हा भेटतात.

वखारीत राहणं

१७५७ मध्ये चिंग घराण्याच्या छियेनलोंग सम्राटाने युरोपीय व्यापाऱ्यांसाठी एक सोडून सगळी बंदरं बंद केली. उरलं कॅन्टन. मोठी जहाजं अलीकडे व्हाम्पोआला नांगर टाकत. माणसं आणि माल होड्यांतून पर्ल नदीने वर येत. शहराच्या तटाबाहेर, नैर्ऋत्येला, नदीकाठी एक पट्टा त्यांच्यासाठी राखलेला होता. तिथे इमारतींच्या तेरा रांगा होत्या. इंग्रजीत त्यांना ‘फॅक्टरी’ म्हणत, पण तिथे काही तयार होत नसे. ‘फॅक्टर’ म्हणजे कंपनीचा गुमास्ता. तो राहतो आणि माल ठेवतो ती फॅक्टरी. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: वखार. सुरतेची वखार, राजापूरची वखार, तशाच या कॅन्टनच्या तेरा वखारी.

कॅन्टनमध्ये जागा परक्यांची नव्हती. ती ‘हाँग’ व्यापाऱ्यांकडून, म्हणजे परदेशी व्यापाराचा सरकारी मक्ता असलेल्या चिनी पेढ्यांकडून, भाड्याने घ्यावी लागे. तळमजल्यावर कोठारं, तिजोरी, स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या. त्यावर दिवाणखाना आणि जेवणघर. सगळ्यात वर झोपायच्या खोल्या. एकामागे एक अशा अरुंद, लांबट इमारती. नदीकडची खोली मिळाली तर वारा. आतली मिळाली तर दमट अंधार. समोरच्या मोकळ्या पटांगणात न्हावी, गारुडी, वैदू, फेरीवाले यांची जत्रा. शेजारच्या गल्लीत खलाशांना स्वस्त दारू पाजणारी दुकानं. अख्खी वसाहत नदीकाठाने चालत गेलं तर काही मिनिटांत संपत असे.

आणि तेवढ्याच जागेतून चीनचा युरोप-अमेरिकेशी होणारा जवळजवळ सगळा समुद्री व्यापार चाले. चहा, रेशीम, चिनी माती बाहेर. चांदी, कापूस आणि पुढे अफू आत.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. तो संपला की सगळ्यांनी गाशा गुंडाळून मकावला जायचं. मकाव पोर्तुगीजांकडे होतं आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. ज्यांची कुटुंबं सोबत आली असत, त्यांच्या बायका-मुलं वर्षभर मकावलाच राहत. वर्षातले सहा महिने बापाची खोली एका शहरात आणि घर दुसऱ्या.

विल्यम हंटर नावाचा अमेरिकन मुलगा १८२५ मध्ये या वखारींत आला तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याने पुढे चिनी भाषा शिकून घेतली. ती शिकणंही सोपं नव्हतं, कारण परक्याला चिनी शिकवणाऱ्यावर सरकारची खप्पा मर्जी होई. म्हातारपणी, १८८२ मध्ये, त्याने त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. त्यात तक्रार फारशी नाहीच. लाखोंचे सौदे तोंडी होत, कुणी शब्द फिरवत नसे, रात्री दार उघडं राहिलं तरी भीती नसे, अशा आठवणी तो गहिवरून सांगतो. नियम होते आणि ते बरेचदा मोडलेही जात. नोकरांच्या संख्येवर बंधन होतं, पण मोजायला कुणी येत नसे. होड्यांच्या शर्यती बिनदिक्कत होत. अधिकाऱ्यांनी अधूनमधून ताकीद द्यायची, परक्यांनी ती वाचायची आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

एका नियमावर मात्र तडजोड नव्हती. नोव्हेंबर १८३० मध्ये हॅरिएट लो ही एकवीस वर्षांची अमेरिकन तरुणी काकूसोबत मकावहून लपतछपत कॅन्टनला आली. तिचे काका तिथे व्यापारी होते. वखारींतले सगळे सडेफटिंग तिला भेटायला रांग लावून आले. तिने रोजनिशीत शहराची गर्दी, अरुंद गल्ल्या, रात्रीचा फेरफटका सगळं टिपून ठेवलं. आणि मग निरोप आला: बायकांना परत पाठवा, नाहीतर तुमच्या पेढीचा व्यापार बंद. काही आठवड्यांतच दोघी मकावला परतल्या.

एवढी भीती दोन बायकांची? खरं तर भीती होती ती घराची. पुरुष एकटा असला की तो पाहुणा. बायको आली की चूल आली, मुलं आली, पुढे शाळा आणि स्मशान आलं. मग खोलीचं घर होतं आणि पाहुण्याचा रहिवासी. बायकांवरची बंदी हा परक्यांना कायमचं तात्पुरतं ठेवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय होता.

मुंबईकरांची वखार

तेरा वखारींपैकी एकीला ‘चाव-चाव’ वखार म्हणत. कॅन्टनच्या बाजारी बोलीत चाव-चाव म्हणजे सरमिसळ, भेसळ. इथे कोण राहत? पारशी, मुसलमान आणि हिंदुस्थानातून आलेले इतर व्यापारी.

हिरजी जीवनजी रेडीमनी हे १७५६ मध्ये चीनला गेले, आणि चीनला जाणारे ते पहिले पारशी व्यापारी मानले जातात. त्यांच्यामागून मुंबईहून रीघ लागली. १८३० च्या दशकात कॅन्टनच्या परदेशी वस्तीत इंग्रजांखालोखाल संख्या पारशांची होती. डोक्यावरच्या पांढऱ्या पागोट्यांमुळे चिनी लोक त्यांना ‘पांढऱ्या डोक्याचे’ म्हणत. त्यांच्यासोबत आपले शब्दही गेले. कॅन्टनमध्ये सरकारी शिक्क्याच्या कागदाला ‘चॉप’ म्हणत. तो आपला ‘छाप’. चिठ्ठीची झाली ‘चिट’. चांदी पारखणारा तो ‘श्रॉफ’, म्हणजे आपला सराफ. हाँगकाँगच्या पार्किंगमध्ये पैसे भरायच्या खिडकीवर आजही ‘श्रॉफ’ असं लिहिलेलं असतं.

या खोल्यांमध्ये राहून गेलेला सगळ्यात प्रसिद्ध मुंबईकर म्हणजे जमशेटजी जीजीभॉय. जन्म १७८३. विशीच्या आतच त्यांनी चीनची पहिली फेरी केली. एकूण पाच फेऱ्या. १८०५ च्या फेरीत त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. दोघांची ओळख झाली. जार्डिनने पुढे डॉक्टरकी सोडून पेढी काढली, आणि जार्डिन-मॅथेसन आणि जमशेटजी मिळून मुंबई-कॅन्टन व्यापारातली सगळ्यात बलाढ्य साखळी झाली.

साखळीतून जायचा तो कापूस आणि अफू. अफू माळव्याची: शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली, मुंबईहून जहाजात चढलेली. चीनमध्ये अफूला बंदी होती. त्यामुळे पेट्या कॅन्टनच्या खोल्यांत कधीच येत नसत. त्या नदीच्या मुखाबाहेर लिंतिन बेटाजवळ नांगरलेल्या जहाजांवर राहत. खोलीत फक्त चांदी मोजली जाई आणि चिठ्ठी फाडली जाई. ती चिठ्ठी घेऊन चिनी तस्कराने वेगवान होडीतून लिंतिन गाठायचं. ज्याच्या नावाने चिठ्ठी निघे, त्याला अफूचा वासही येत नसे.

या चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं, ते मुंबईत फिरताना दिसतं. १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय सुरू झालं. त्याच वर्षी जमशेटजींच्या पत्नी अवाबाईंनी दिलेल्या पैशातून माहीमचा कॉजवे खुला झाला. मग जे. जे. कला विद्यालय. रेडीमनी घराण्यातल्या कावसजी जहांगीर यांच्या नावाचं विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह. ससून घराण्यातला एलियास ससून १८४४ मध्ये कॅन्टनला गेला आणि त्या घराण्याच्या चीनमधल्या व्यवसायाचा पाया घातला. पुण्यात ससून रुग्णालय आजही उभं आहे. या सगळ्या इमारती निव्वळ अफूच्या पैशाच्या, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण अफूचा पैसा वजा केला तर त्यातल्या किती उभ्या राहिल्या असत्या, हा प्रश्न टाळताही येत नाही. सहा महिन्यांच्या भाड्याच्या खोलीत केलेल्या सौद्यांनी एका शहराला दवाखाने दिले आणि दुसऱ्या देशाला व्यसन.

यजमानाच्या गळ्यात साखळी

या व्यवस्थेत पाहुण्यापेक्षा यजमानाची मान जास्त अडकलेली होती. प्रत्येक परदेशी जहाजासाठी एका हाँग व्यापाऱ्याने जामीन राहायचं. जकात बुडाली, भांडण झालं, नियम मोडला, तर जबाब जामीनदाराने द्यायचा. या हाँग व्यापाऱ्यांचा म्होरक्या हौक्वा हा त्या काळातल्या जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. पण त्याची श्रीमंती सरकारी मर्जीच्या धाग्यावर लटकलेली.

मार्च १८३९ मध्ये तो धागा ताणला गेला. सम्राटाने अफूचा बंदोबस्त करायला पाठवलेला लिन झेशू कॅन्टनमध्ये आला. सगळी अफू हवाली करा, असा त्याने हुकूम काढला. परके टाळाटाळ करू लागले. तेव्हा सत्तरीला आलेला हौक्वा वखारीत आला तो गळ्यात लोखंडी साखळी घालून. तुम्ही ऐकलं नाहीत तर माझं डोकं जाईल, हे त्याला तोंडाने सांगावं लागलंच नाही.

तेही पुरेसं झालं नाही. २४ मार्चला लिनने वखारींना वेढा घातला. शेकडो चिनी नोकर, आचारी, पाणके एका रात्रीत निघून गेले. मागच्या गल्ल्या बंद झाल्या. नदीत होड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. साडेतीनशेच्या आसपास परदेशी माणसं आपापल्या खोल्यांत कोंडली गेली. त्यात चाव-चाव वखारीतले मुंबईकरही होते. ज्यांनी कधी स्वतःचा पेला विसळला नव्हता, त्यांना झाडू मारावा लागला, पाणी भरावं लागलं, चुलीशी झटावं लागलं. उपाशी कुणी राहिलं नाही, धान्य आणि मांस पोहोचत राहिलं. सहा आठवड्यांनी, वीस हजारांहून अधिक पेट्यांपैकी बहुतेक हवाली झाल्यावर, बहुतेकांची सुटका झाली. जूनमध्ये लिनने ती अफू चुना आणि मीठ कालवून समुद्रात सोडून दिली.

पुढचं इतिहासाच्या पुस्तकात आहे. ब्रिटनने आरमार पाठवलं. १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग घेतलं, पाच बंदरं उघडली आणि नष्ट झालेल्या अफूची भरपाई म्हणून साठ लाख चांदीचे डॉलर वसूल केले. सहा आठवडे खोलीत कोंडलं, त्याची किंमत एका साम्राज्याने चुकवली.

१८५६ च्या डिसेंबरमध्ये, दुसऱ्या अफू युद्धात, वखारी जळून खाक झाल्या. इंग्रज आणि फ्रेंचांनी मग शेजारच्या वाळूच्या पट्ट्यावर भराव घालून शामियान बेट तयार केलं. तिथे बायका आल्या, चर्च आलं, बँका आल्या. पाहुण्यांनी आता स्वतःचं घर बांधलं होतं, आणि त्यात यजमानाला विचारल्याशिवाय प्रवेश नव्हता.

एक पाहुणा जो परतला नाही

शंभर वर्षांनी मुंबईहून निघालेलं आणखी एक पथक याच शहरातून गेलं. सप्टेंबर १९३८. जपानी हल्ल्याखाली असलेल्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टर. त्यांत नागपूरचे चोळकर होते आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. सुन यात-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी कॅन्टनमध्ये त्यांचं स्वागत केलं. पथक लगेच पुढे निघालं. पुढच्याच महिन्यात कॅन्टन जपान्यांच्या हाती पडलं.

कोटणीसांचाही मुक्काम तात्पुरताच ठरला होता. पण ते राहिले. भाषा शिकले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला. म्हणजे वखारींच्या नियमावलीत जे जे वर्ज्य होतं, ते सगळं केलं. ९ डिसेंबर १९४२ ला उत्तर चीनमध्ये ते वारले. त्यांची समाधी शीज्याचुआंगला आहे. मुंबईहून गेलेल्या हजारो पाहुण्यांमध्ये चीनने ज्याला मनापासून आपलं म्हटलं, तो तिथून काही न्यायला गेलेला नव्हता.

आपल्याच देशात परका

आता इथवर सगळे पाहुणे परदेशी होते. गोष्टीचा सगळ्यात कडू भाग पुढे आहे, कारण त्यातला पाहुणा चिनीच आहे.

१९५८ मध्ये चीनने ‘हुकोऊ’ म्हणजे कुटुंबनोंदणीचा कायदा केला. माणूस ज्या गावात नोंदलेला, तिथलाच तो रहिवासी. शिधा, शाळा, दवाखाना सगळं त्या नोंदीला बांधलेलं. १९८० नंतर ग्वांगझूच्या परिसरात कारखाने उभे राहिले आणि खेड्यांतून लाखो तरुण आले. शहराला त्यांचे हात हवे होते. रहिवासी म्हणून ते नको होते. म्हणून त्यांना दिला गेला ‘तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना’. तो खिशात नसेल तर पोलीस उचलून कोठडीत टाकू शकत आणि गावी परत धाडू शकत.

सुन झिगांग सत्तावीस वर्षांचा होता. हूपे प्रांतातला, वूहानमध्ये शिकलेला ग्राफिक डिझायनर. ग्वांगझूत नोकरी लागून महिनाही झाला नव्हता. १७ मार्च २००३ च्या रात्री तो इंटरनेट कॅफेत जायला निघाला. पोलिसांनी अडवलं. परवाना अजून काढलेला नव्हता आणि ओळखपत्र खोलीवर राहिलेलं. २० मार्चला, अशा लोकांना ठेवण्यासाठी असलेल्या सरकारी दवाखान्यात तो मेला. शवविच्छेदनात जबर मारहाण झाल्याचं निघालं. एप्रिलमध्ये तिथल्या एका दैनिकाने बातमी छापली आणि देशभर संताप उसळला. तीन तरुण कायदेतज्ज्ञांनी त्या नियमांच्या वैधतेलाच आव्हान देणारा अर्ज केला. जूनमध्ये सरकारने ती कोंडून परत धाडण्याची पद्धत रद्द केली. मारहाण करणाऱ्यांना शिक्षा झाल्या.

नवव्या शतकातल्या अरब व्यापाऱ्याला दोन कागदांनी वाचवलं होतं: तो मेला तर कसा मेला ते कळे. एकविसाव्या शतकात त्याच शहरात एक मुलगा कागद नव्हता म्हणून मेला.

तेरा वखारींची जागा आज ‘शिसानहाँग’ म्हणजे ‘तेरा पेढ्या’ याच नावाने ओळखली जाते. तिथे तयार कपड्यांचा प्रचंड घाऊक बाजार आहे. हंगामही गेलेला नाही: १९५७ पासून वसंत आणि शरद ऋतूत कॅन्टन फेअर भरतं आणि जगभरचे, आपल्याकडचेही, व्यापारी हॉटेलांत उतरतात. परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे व्हावी लागते. आपल्याकडेही हॉटेलवाला परदेशी माणसासाठी तसाच फॉर्म भरतो.

ग्वांगझूच्या घाऊक बाजारांतले बरेच कपडे शिवले जातात नदीच्या दक्षिणेला, हायझू भागातल्या कांगले आणि लूज्यांग या शहरी खेड्यांत. शहर वाढत गेलं आणि ही जुनी गावं त्याच्या पोटात अडकली. तिथल्या इमारतींना ‘हस्तांदोलन घरं’ म्हणतात, कारण समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येतो. खाली शिलाईचे कारखाने, वर भाड्याच्या खोल्या. कोठार खाली आणि बिछाना वर, ही वखारीचीच रचना. इथले कामगार बहुतेक हूपेचे, सुन झिगांगच्याच प्रांतातले.

२०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस कोविडसाठी हा भाग बंद झाला. गल्ल्यांच्या तोंडाशी अडथळे उभे राहिले. काम बंद, मजुरी बंद, भाडं मात्र चालू, आणि गावी जायचं तरी जाता येत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर लोकांनी अडथळे ढकलून पाडले आणि ते रस्त्यावर आले. महिन्याच्या शेवटी पुन्हा चकमकी झाल्या. मग निर्बंध उठले.

१८३९ च्या कोंडीसारखीच हीसुद्धा काही आठवड्यांची कोंडी. जागाही फार लांब नाही, मध्ये फक्त नदी. त्या वेळी कोंडलेल्यांच्या मालाची भरपाई साठ लाख डॉलर ठरली, कारण त्यांच्यामागे आरमार होतं. हायझूच्या शिंप्यांच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब मागायला कुणी आलं नाही. त्यातले कित्येक अडथळे हटल्यावर शिलाई मशीन तिथेच ठेवून, पिशव्या उचलून, आपल्या कायमच्या पत्त्यावर निघून गेले.